अडीचशे रुपयांची खुर्ची

पुस्तक वाचून सिनेमाला येणाऱ्या माणसाला डोअरकीपरनं दारातूनच परत पाठवावं, असं माझ्या आत्याचं मत आहे. असा माणूस पडद्याकडे बघत नाही, व्हाउचरं तपासत बसतो, असं ती म्हणते. ती बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे व्हाउचरं तपासणाऱ्यांविषयी अधिकारानं बोलते. मी नेमकी त्यातलीच. मुंबईतल्या एका निर्मितीसंस्थेत मी कादंबऱ्या वाचते आणि त्यांच्यावर सिनेमा किंवा मालिका होईल का, याची टिपणं लिहिते. म्हणजे पुस्तकं स्वतःच्या हातानं सिनेमावाल्यांच्या स्वाधीन करायची आणि नंतर त्यांचं काय झालं ते बघून हळहळायचं, याचा मला पगार मिळतो.

आत्या लग्न होऊन लखनौला आली तेव्हा ‘उमराव जान’ नुकताच येऊन गेला होता. काका रेल्वेच्या आरडीएसओत होते. आधी मानकनगरचं क्वार्टर, मग इंदिरानगरात स्वतःचं घर. काका गेल्यावर मुलांनी पुण्याला बोलावलं, ती गेली नाही. पुण्यात मला कोण विचारणार, इथे मी निदान ‘महाराष्ट्रवाली भाभी’ तरी आहे, असं म्हणाली. तिच्याकडे भाजीच्या भावावरून बोलणं निघालं तरी ते पाच मिनिटांत सिनेमावर येतं. या खेपेला मी तिच्याकडे गेले, तर भाजीसुद्धा लागली नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात दुरुस्त झालेली ‘उमराव जान’ची प्रत जून २०२५ मध्ये पुन्हा थिएटरांत लागली होती, आणि आत्या मैत्रिणींना घेऊन गोमतीनगरच्या मॉलमध्ये ती बघून आली होती.

“पूर्वी सगळं पिवळट दिसायचं गं. आता ओढणीचा काठसुद्धा दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा निम्मी उर्दू डोक्यावरून गेली होती, तेव्हाही रडले. आता सगळी कळते, तरी रडलेच.”

“कादंबरीतली उमराव एवढी रडत नाही, आत्या.”

“झालं सुरू.”

“अगं, पण नाहीच रडत.”

आणि मी सांगायला लागले. मिर्झा हादी रुसवांची कादंबरी १८९९ ची. मुशायरा रंगात आलाय आणि शेजारच्या खिडकीआडून एका शेराला दाद येते. दाद देणारी बाई म्हणजे उमराव. वय उताराला लागलंय, कोठ्याचे दिवस मागे पडलेत. पुढचं सगळं तीच सांगते आणि मजेत सांगते, स्वतःला चिमटे काढत, पुरुषांची सोंगं उघडी पाडत. फैजाबादची अमीरन, बापानं विरुद्ध साक्ष दिली म्हणून दिलावर खाननं पळवून आणलेली, लखनौच्या चौकात खानमच्या कोठ्यावर विकलेली, हा सगळा भाग दिग्दर्शक मुजफ्फर अलींनीही सिनेमात घेतला आहे. पण सिनेमा येऊन थांबतो तो आरशापाशी. घरच्यांनी नाकारलेली उमराव रिकाम्या कोठ्यात परत येते, आरशावरची धूळ पुसते आणि स्वतःकडे बघते. कादंबरीतल्या बाईला तिथे थांबायला सवड नाही. तिचं आयुष्य पुढे चालू राहतं, स्वतःच्या कमाईवर ती एकटी राहते, वाचते, आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर मिर्झासाहेबांना समोर बसवून हिशेब सांगते.

“मुजफ्फर अलींनी त्या बाईची सगळी गंमत काढून घेतली आणि नुसतं सौंदर्य ठेवलं,” मी म्हटलं.

आत्यानं सुपारी कातरणं थांबवलं. “तुझ्या त्या रुसवांच्या पुस्तकात आशाबाई आहेत का?”

“आत्या, ते १८९९ सालचं…”

“आहेत की नाहीत?”

“नाहीत.”

“मग काय घेऊन बसलीस!”

याला उत्तर नाही, हे मी मान्य करते. संगीतकार खय्याम यांनी सिनेमाच्या गाण्यांत आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा जवळजवळ दीड सूर खाली गायला लावलं, आणि त्या खालच्या पट्टीत जो जडपणा आला, जी थोडी दमणूक आली, ती रुसवांच्या शंभर पानांना मिळणार नाही. सांगलीच्या या मुलीला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो लखनौच्या तवायफेसाठी. आत्या हे वाक्य इथल्या मैत्रिणींना इतक्या वेळा ऐकवते की त्यांतल्या एकीनं म्हणे तिला विचारलं, सांगली आपल्या चौकापासून किती लांब आहे?

पण गाणं चांगलं आहे म्हणून बाकीचं माफ, हे मला पटत नाही. मी दुसरं पुस्तक काढलं. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग लखनौच्या जुन्या नगरपालिकेच्या दप्तरात शिरल्या, तेव्हा १८५८ ते १८७७ या काळातल्या करवसुलीच्या वह्यांत त्यांना तवायफांची नावं सापडली. तीही कुठे कोपऱ्यात नव्हती. शहरात सगळ्यात जास्त उत्पन्न असलेल्या, सगळ्यात जास्त कर भरणाऱ्या गटात होती. त्यांच्या नावावर घरं होती, बागा होत्या, दुकानं होती. १८५७ च्या उठावात हात होता म्हणून इंग्रजांनी ज्यांची मालमत्ता जप्त केली, त्या याद्यांतही त्या होत्या.

आत्या एकदम सरळ बसली. “कर भरायच्या?”

“सगळ्यात वरच्या गटात.”

“स्वतःच्या सहीनं?”

“वह्यांत नावं आहेत एवढं नक्की. पण सिनेमात ही बाई आली का? ‘पाकीज़ा’त आली? ‘उमराव जान’मध्ये आली? २००६ साली जे. पी. दत्तांनी ऐश्वर्याला घेऊन परत काढला, त्यात आली? दरवेळी झुंबर, गजरा आणि डोळ्यांत पाणी.”

“आणि तुमच्याकडे काय आलं?” आत्या म्हणाली. ‘तुमच्याकडे’ म्हणजे महाराष्ट्रात. ती अशा वेळी सोयीनं लखनौची होते. “‘पाकीज़ा’ १९७२ चा, आणि शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ही १९७२ चाच. पाकीज़ाच्या बाईला निदान शेवटी नवरा मिळतो. पिंजऱ्यात बाई आली की मास्तर नासला! त्या तमासगीर बायकांनी किती फड चालवले, किती माणसांची पोटं भरली, किती कर्ज फेडलं, ते कोणी दाखवलं? तिथे नाही तुला हिशेब सुचला.”

इथे मी गप्प बसले. ‘पिंजरा’ मला आवडतो. श्रीराम लागूंसाठी आवडतो, निळू फुल्यांसाठी आवडतो, आणि त्या आवडीला मी आजवर कुठलीच कागदपत्रं मागितलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी हजरतगंजच्या कॉफी हाउसमध्ये विषय ‘शतरंज के खिलाडी’वर गेला, आणि तिथे माझी पंचाईत झाली. मी तावातावानं सांगत होते की सत्यजित राय यांनी प्रेमचंदांचा शेवट बदलला आणि बरं केलं. प्रेमचंदांची १९२४ ची गोष्ट अशी : वाजिद अली शाहचं राज्य बुडतंय आणि मीर व मिर्झा हे दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेत. फौजेत बोलावतील म्हणून गोमतीपलीकडच्या पडक्या इमारतीत जाऊन खेळतात. समोरून कंपनीची फौज जाते, नवाब कैद होतो, यांचा डाव चालू. शेवटी एका चालीवरून भांडण होतं, तलवारी निघतात आणि दोघंही तिथेच मरतात. राज्यासाठी ज्यांनी बोट हलवलं नाही ते वजिरासाठी जीव देतात. राय १९७७ साली हिंदीत आले, आणि त्यांनी काय केलं? भांडण तेच, पण तलवारीऐवजी पिस्तूल. गोळी शालीला चाटून जाते. कोणी मरत नाही. दोघं परत पटाशी बसतात आणि आता इंग्रजी नियमांनी खेळू म्हणतात, वजीर जाऊन राणी.

“प्रेमचंदांनी त्यांना निदान मरायची हिंमत दिली होती,” मी म्हटलं. “राय यांनी तीही काढून घेतली. हा शेवट जास्त बोचरा आहे.”

आत्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. “म्हणजे राय यांनी बदललं तर कला आणि मुजफ्फर अलींनी बदललं तर चोरी?”

“तसं नाही…”

“तसंच आहे. काल तू मला रुसवांची पानं मोजून दाखवलीस. आज प्रेमचंदांचा शेवट उडाला तर टाळ्या. बँकेत याला आम्ही दोन वह्या ठेवणं म्हणायचो.”

मला खरोखर विचार करावा लागला. शेवटी जे सुचलं ते असं : पुस्तकाशी इमान हा मुद्दाच नव्हे, मी तो उगाच पुढे केला होता. मला बघायचं असतं की बदल कोणत्या दिशेनं झाला. राय यांनी गोष्ट कडू केली, मुजफ्फर अलींनी गोड केली. प्रेमचंदांचा राग आणि रुसवांचा तिरकसपणा, ही लखनौनं स्वतःबद्दल लिहिलेली दोन धारदार पानं. प्रेमचंद जन्मानं इथले नव्हते, पण ते इथे राहिले, इथल्या नवलकिशोर प्रेसच्या ‘माधुरी’चं संपादन त्यांनी केलं, आणि १९३६ साली प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपदही इथेच, रिफाह-ए-आम क्लबात भूषवलं. त्या धारेला सिनेमानं अत्तर लावलं, ही माझी तक्रार.

“राय यांनीसुद्धा लावलंच की. वाजिद अली शाह बघ. प्रेमचंदांच्या गोष्टीत तो जवळजवळ नाहीच. रायसाहेबांनी त्याला आणला, गायला लावला, बिरजू महाराजांना बोलावून त्याच्या दरबारात नाच बसवून घेतला. राज्य घालवलेल्या माणसाला इतकं रुबाबदार केलं की मलाच वाईट वाटलं.”

या नवाबावरून भांडणारी ती एकटी नाही. सिनेमा आला तेव्हा राजबन्स खन्ना यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’त बरोबर उलट आरोप केला होता : राय यांनी इंग्रजांनी रंगवलेला बायकी, नालायक नवाबच पुन्हा उभा केला. राय यांनी त्याला लांबलचक उत्तर दिलं, आपण वाचलेल्या साधनांची यादीच दिली. एका प्रेक्षकाला नवाब फार चांगला वाटतो आणि दुसऱ्याला फार वाईट, तर माझ्या मते दिग्दर्शकानं काम नीट केलंय. आत्याला मात्र पहिल्यांदा बघताना दोन्ही वाटलं नव्हतं. ‘शोले’ येऊन दोनच वर्षं झालेली, आणि नवाब झालेले अमजद खान. “मुकुट उतरवून इंग्रज जनरलच्या पुढे धरतो ना, तिथे मला वाटलं, आता हा त्याचे हात मागणार.”

त्या सिनेमातला आम्हां दोघींचा आवडता तुकडा मात्र एकच निघाला. मिर्झाची बायको वैतागून सोंगट्या लपवते, तेव्हा हे दोन महाभाग भाज्या आणून पटावर मांडतात. टोमॅटो, लिंबं, मिरच्या. आणि कुठेही हसू न आणता, टोमॅटो उचलून तितक्याच गांभीर्यानं पुढच्या घरात ठेवतात. संजीवकुमारच्या बोटांकडे बघावं. लिंबू लिंबू राहत नाही. त्याच सिनेमात त्यांना इंग्रजी बुद्धिबळाचे नियम समजावून सांगणारे मुन्शी नंदलाल म्हणजे आपले डेव्हिड, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे मी आत्याला सांगितलं, तर तिनं वेटरलाही सांगितलं. वेटरला काही फरक पडला नाही.

“बरं, तुला कडूच हवं ना?” आत्या म्हणाली. “मग ‘गुलाबो सिताबो’बद्दल बोल.”

तिनं हे नाव घ्यावं याची मी वाटच बघत होते. जूही चतुर्वेदी स्वतः लखनौच्या, त्यांनी लिहिलेला आणि शुजित सरकारनी काढलेला हा सिनेमा जून २०२०मध्ये, टाळेबंदीत, थिएटर न बघताच थेट मोबाइलवर आला. फातिमा महल नावाची पडायला आलेली हवेली. तिची मालकीण बेगम, बेगमपेक्षा सतरा वर्षांनी लहान असलेला, हवेलीवर डोळा ठेवून तिच्याशी लग्न केलेला मिर्झा, आणि भाडं न देणारे भाडेकरू. मिर्झा बल्ब चोरतो, सायकलच्या घंट्या चोरतो. अदब नाही, शेरोशायरी नाही, ‘पहले आप’ तर नाहीच, सगळे ‘पहले मैं’. शेवटी बेगम आपल्या जुन्या यारासोबत निघून जाते आणि जाताना हवेली त्याच्या नावावर करते, एका रुपयाला.

“आणि बेगम कोण?” आत्यानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, तिला फक्त ते माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं.

“फर्रुख जाफर.”

“आणि ‘उमराव जान’मध्ये रेखाची आई कोण होती?”

“त्याच.”

फर्रुख जाफर लखनौच्या आकाशवाणीवर निवेदिका होत्या. १९८१ साली पडद्यावर पहिल्यांदा आल्या त्या उमरावच्या आईच्या भूमिकेत : हरवलेली लेक दारात उभी आहे, तिला ओळखलंय, पण घरात घेता येत नाही अशी आई. ‘गुलाबो सिताबो’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. त्याच वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, त्या गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच बाईला दारात रडायला लावलं होतं, आणि आता तिनं दारच विकून टाकलं. मला विचाराल तर लखनौच्या सिनेमाचा प्रवास बघायला दुसरं काही बघायची गरज नाही, या दोन भूमिका पुरेत. आत्याला विचाराल तर पहिली जास्त चांगली आहे.

“पण खुर्ची विसरू नकोस,” ती म्हणाली.

मी विसरले नव्हते. मी ती टाळत होते. बेगम जाताना मिर्झासाठी मागे एक जुनी खुर्ची ठेवते. मिर्झा ती अडीचशे रुपयांना फुंकून टाकतो. शेवटी ती खुर्ची दिसते मुंबईत, जुन्या वस्तूंच्या झगझगीत दुकानात, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर एक लाख पस्तीस हजार.

“ते दुकान म्हणजे तुझं ऑफिस,” आत्या म्हणाली. “इथल्या गोष्टी अडीचशेत न्यायच्या, पॉलिश मारायचं आणि लाखाला विकायच्या. मुंबईच्या कमालिस्तान स्टुडिओपासून तेच चाललंय. आणि वर तूच आम्हाला सांगतेस की खुर्ची मुळात कशी होती.”

हे लागलं. आणि लागलं म्हणून मी जे बोलले ते जरा खवचटपणे बोलले. “दुकान काय फक्त सिनेमाचंच असतं? कैसरबागेत आपल्या भातखंड्यांनी दुसरं काय केलं?”

आत्यानं बँकेत असताना काही वर्षं कैसरबागेत भातखंडे संस्थेत संध्याकाळी गाणं शिकायचा प्रयत्न केला होता. गळा फारसा ऐकला नाही, पण पंडितजींविषयीची भक्ती पक्की झाली. त्यामुळे पुढची पाच मिनिटं कॉफी हाउसच्या त्या टेबलावर तापमान वाढलं.

माझं म्हणणं असं होतं. वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्यांचं स्वरलेखन केलं, ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज निघालं आणि घराण्यांत दडलेलं गाणं वर्गात आलं, परीक्षेत आलं, गुणपत्रिकेवर आलं. यात उस्तादांचं काय झालं? जानकी बाखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या पुस्तकात हाच अवघड प्रश्न विचारला आहे : भातखंडे आणि पलुस्करांच्या राष्ट्रीय संगीताच्या आराखड्यात मुसलमान गवयांना कुठली जागा उरली? चिजा त्यांच्या, पुस्तकावर नाव पंडितांचं. हीही खुर्चीच.

“मुळीच नाही!” शेजारच्या टेबलावरच्या वकिलानं मान वळवली. “मिर्झानं खुर्ची विकली आणि ती गेली. परत इथे कोणाला बसायला मिळाली का? पंडितजींनी घेतलं ते परत इथेच आणून ठेवलं. आणि कुठे ठेवलं? कॉलेज आज कुठे आहे? परीखान्यात! वाजिद अली शाह ज्या इमारतीत मुलींना नाच-गाणं शिकवायचा, तिथेच. चार आणे फी भरणाऱ्या कोणालाही आत ये म्हणाले. रोशन तिथे शिकला. तलत तिथे शिकला. लाहोरकडचा रोशन आणि इथला तलत, दोघांना कुठल्या उस्तादानं गंडा बांधला असता?”

“रोशन, तलत म्हणजे परत सिनेमाच.”

“मग? वाईट झालं का?”

चार आणे फी हे आत्यानं तिथल्या तिथे बनवलं, हे मला ठाऊक होतं. पण बाकीचं खोडता येईना. क्रमिक पुस्तकातल्या चिजा घोकलेला एक विद्यार्थी मुंबईत जाऊन कव्वालीला वेगळंच वळण देतो आणि दुसरा गझलेला कापसासारखा आवाज देतो, तेव्हा वर्गातलं गाणं बिघडलं म्हणायचं की बाहेर पडलं? भातखंड्यांनी १९४८ नंतर त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या या कॉलेजातून सिनेमाचे गायक निघतील असं मनात आणलं नसणार. ते स्वतः १९३६ सालीच गेले. इतकं मात्र खरं की त्यांचा मोठा मराठी ग्रंथ, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’, गुरू-शिष्यांच्या संवादातच लिहिलेला आहे. मी तो थोडा चाळलाय. शिष्य फार समजूतदार आहे, गुरूला जे सांगायचंय तेच विचारतो. आत्यापुढे त्याला बसवला पाहिजे.

“आणि इकडून तिकडेच सगळं जातं असं कोण म्हणालं?” आत्याचं अजून संपलं नव्हतं. “अमृतलाल नागर वाच.”

आता पुस्तकं माझ्याकडून तिच्याकडे गेली होती. नागर हे चौकात राहणारे, चौकावरच ‘बूंद और समुद्र’ लिहिणारे लखनौचे कादंबरीकार. तरुणपणी काही वर्षं मुंबईत सिनेमे लिहून, कंटाळून परत आलेले. म्हणजे माझा धंदा त्यांनी करून सोडलेला. त्यांनी वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ हिंदीत आणला, ‘आँखों देखा गदर’ या नावानं. दक्षिणेच्या आशेनं घर सोडलेला आणि १८५७ च्या धुमाळीत सापडलेला कोकणातला भिक्षुक लखनौच्या वाचकांच्या हाती दिला तो या माणसानं. आत्यानं गोडसे भटजी पहिल्यांदा वाचले ते हिंदीतच, अमीनाबादेतून आणलेल्या प्रतीत. मराठी नंतर. आणि मराठीतसुद्धा कोणते? चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापताना मूळ मजकुरावर बराच हात फिरवला होता. भटजींनी लिहिलं होतं तसं वाचायला मिळालं ते दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ साली.

“बघ. गोडसे भटजींनी लिहिलं, वैद्यांनी पॉलिश मारलं, नागरांनी इकडे आणलं. मी ते वाचून झाशीला गेले, किल्ला पाहिला. मूळच्याची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते.”

“पण पोतदारांनी मूळ छापलं म्हणून आपल्याला कळलं ना, वैद्यांनी काय झाकलं ते?”

“कळलं. छान झालं. पण आधी कोणीतरी झाकलेलं तरी छापायला पाहिजे.”

नागरांनी तवायफांना भेटून, त्यांच्याशी बोलून ‘ये कोठेवालियाँ’ हे पुस्तकही लिहिलंय, हे मी मध्येच सांगून टाकलं. मला वाटलं यानं माझी बाजू भक्कम होईल. आत्या म्हणाली, तिच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर, आणि तुझ्या ऑफिसात कोणी वाचलंय का? नाही वाचलं. मी पण नाही.

संध्याकाळी रिक्षात बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं भातखंड्यांवरून रागावली. पण ती सिनेमा काढत होती.

“ते कराचं मला आवडलं,” ती म्हणाली. “तसा सिनेमा काढा. नगरपालिकेची कचेरी. कारकून इंग्रजांचा, पण माणूस इथलाच. खिडकीपुढे रांग आहे, सावकार, जमीनदार, अत्तरवाले. रांगेत ही बाई. कारकून मान वर न करता नाव विचारतो, धंदा विचारतो. ती सांगते. तो मान वर करतो. मग आकडा सांगतो. आणि ती म्हणते, मागच्या वर्षी एवढा नव्हता, वही दाखवा.”

“चांगलं आहे.”

“चांगलं नाही, मस्त आहे. गाणं कुठे घालायचं ते बघावं लागेल.”

“गाणं हवंच का?”

“कर भरायला पैसे कुठून आले मग?”

मी फोनवर टिपण लिहायला घेतलं. खरोखर घेतलं. आणि सवयीनं विचारलं, ही भूमिका कोण करणार?

“रेखा.”

“आत्या, रेखाची सत्तरी उलटली.”

“मग? तूच म्हणालीस ना काल, पुस्तकात सांगणारी बाई उतारवयातली आहे, तरुणपणीचं सगळं आठवून सांगते म्हणून? मग ही म्हातारी रेखा बसेल खिडकीशी आणि सांगेल. तरुणपणीचा भाग काढलेला आहेच, १९८१ सालचा. तोच मधे मधे जोडायचा. खर्चही वाचला.”

“म्हणजे अगदी कादंबरीत आहे तसंच झालं की,” मी म्हटलं.

“असेल,” आत्या म्हणाली, आणि रिक्षावाल्याला पॉलिटेक्निक चौकातून डावीकडे घ्यायला सांगितलं.